एकतिसाव्या वर्षी जीएनएम, घरात दोन लेकरं

मी दहा वर्षं एका पतसंस्थेत कारकून होते. संस्था अडचणीत आली, आधी पगार थकले आणि मग शटरच खाली आलं. तेव्हा मोठी चौथीत होती, धाकटा जेमतेम तीन वर्षांचा. घर अमळनेरला. नर्सिंग डोक्यात आलं ते सासऱ्यांच्या आजारपणात. आठ दिवस त्यांच्या उशाशी बसून सिस्टरांचं काम जवळून पाहिलं आणि वाटलं, हे आपल्याला येईल. आता ओळखीतल्या बाया विचारतात, "ताई, या वयात जमेल का?" त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते.

आधी वयाचा हिशोब करा. जीएनएम म्हणजे नर्सिंगची पदविका. तिच्या प्रवेशाला वय ३५ च्या आत लागतं. माझी बारावी कला शाखेची, त्यामुळे बीएस्सी नर्सिंगचा प्रश्नच नव्हता. त्याला भौतिक, रसायन, जीवशास्त्र हवं आणि सीईटी ही प्रवेश परीक्षाही द्यावी लागते. जीएनएमला कला शाखा चालते, पण बारावीला एकूण ४० टक्के आणि इंग्रजीतही ४० हवेत. एएनएम, म्हणजे सहायक परिचारिकेचं शिक्षण, दोन वर्षांचं, जीएनएम तीन वर्षांचं. पुढे पदवी हवी असेल तर जीएनएमनंतर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी आहे. सरकारी भरतीला खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ ही मर्यादा असते. म्हणजे एकतिसाव्या वर्षी प्रवेश घेतला तर पास होऊन अर्ज करायला हातात मोजकीच वर्षं उरतात. "पुढच्या वर्षी बघू" म्हणू नका.

एक गोष्ट कळकळीने सांगते. 'सहा महिन्यांत नर्स व्हा' अशा पाट्या तालुक्याच्या गावी दिसतात. तिथलं प्रमाणपत्र घेऊन महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी होत नाही, आणि नोंदणी नसेल तर तुम्ही कायद्याने नर्स नाही. माझ्या एका नातेवाईक मुलीचे पैसे असेच गेले. फी भरण्याआधी संस्थेला भारतीय परिचर्या परिषदेची आणि राज्याच्या मंडळाची मान्यता आहे का ते स्वतः तपासा. विद्यार्थिनी कुठल्या रुग्णालयात शिकतात, तिथे खाटा किती आणि प्रत्यक्षात रुग्ण किती, हेही जाऊन बघून या.

कागदपत्रांत माझा दीड महिना गेला. बारावीची गुणपत्रिका माहेरच्या नावाची, आधार सासरच्या नावाचं. विवाह नोंदणीचा दाखला, नावबदलाचं राजपत्र, शिक्षणात खंड पडल्याचं प्रतिज्ञापत्र, सगळं लागलं. जातीचा दाखला वडिलांकडच्या कागदांवरून निघतो, म्हणून माहेरी दोन खेपा झाल्या. प्रवेश सुरू व्हायची वाट न बघता हे आधीच करून ठेवा.

आणि घर. "सगळे सांभाळून घेतील" एवढ्यावर प्रवेश घेऊ नका. सासूबाई, नवरा आणि मी एका संध्याकाळी बसून ठरवलं: शाळेत कोण सोडणार, लेकरू तापलं तर रात्री कोण जागणार, माझ्या परीक्षेच्या महिन्यात पाहुणे आले तर भाकऱ्या कोण थापणार. बोलायला अवघड गेलं, पण पुढची तीन वर्षं त्यावरच निघाली. वसतिगृहात राहणं सक्तीचं आहे का, हेही आधी विचारा. बऱ्याच ठिकाणी असतं. मला अमळनेर-जळगाव येऊन-जाऊन करायची परवानगी मिळाली. जाताना गाडीत वाचन व्हायचं, येताना डोळे मिटायचे.

तरी एक फटका बसलाच. दुसऱ्या वर्षी धाकट्याला डेंग्यू झाला आणि माझ्या वॉर्डाच्या एकोणीस ड्युट्या चुकल्या. वर्गात ८० टक्के हजेरी चालते. प्रमाणपत्रासाठी प्रात्यक्षिकाची मात्र शंभर टक्के भरावी लागते. परीक्षा संपल्यावर मैत्रिणी घरी गेल्या आणि मी भर मे महिन्यात एकोणीस दिवस भरपाईची ड्युटी केली. जळगावचा मे काय असतो ते वेगळं सांगायला नको. पण उन्हाने भोवळ येऊन पडलेले केळीच्या बागेतले मजूर त्याच दिवसांत पाहिले. तापलेलं अंग ओल्या चादरीने कसं उतरवायचं, ते तिथे हाताने शिकले.

अभ्यासात इंग्रजी शब्दांनी छळलं. मी वहीत उच्चार मराठीत लिहायची: एडिमा म्हणजे सूज, टीडीएस म्हणजे दिवसातून तीनदा. हाडांची नावं लेकीने पाठ करून घेतली. पुस्तक हातात घेऊन ती विचारायची आणि मी कणीक मळता मळता सांगायची.

कारकुनीची दहा वर्षं वाया गेली असं वाटायचं, ते वॉर्डात फिटलं. ५०० मिली सलाईन आठ तासांत द्यायचं, नळीचा सेट २० थेंबांना एक मिलीचा. ५०० गुणिले २०, भागिले ४८० मिनिटं: मिनिटाला २१ थेंब. घड्याळ धरून थेंब मोजायचे आणि नळीवरचं चाक जुळवायचं. व्याजाचे आकडे लावलेल्या हाताला हे सोपं गेलं. पतसंस्थेत रोकड जुळल्याशिवाय घरी जायचं नाही ही सवय होती. रुग्णाच्या पोटात किती गेलं आणि लघवी किती झाली, तो तक्ताही मी तसाच जुळवते आणि मगच ओव्हर देते, म्हणजे पुढच्या पाळीच्या सिस्टरकडे वॉर्ड सोपवते.

दुसरी शिदोरी अहिराणीची. एक म्हातारी आजी सुईला हात लावू देत नव्हती, दोन मुली थकल्या. मी शेजारी बसून विचारलं, "काय व्हई ऱ्हायनं माय, दुखस का?" (काय होतंय आई, दुखतंय का?) तिने माझ्याकडे बघितलं आणि हात पुढे केला. शीर बारीक होती, दुसऱ्या प्रयत्नात मिळाली. तिने मात्र हात हलवला नाही. नंदुरबारकडे ड्युटी मिळाली तर भिली, पावरी या तिकडच्या आदिवासी बोलींतले चार शब्दही शिकून घ्या.

निकाल लागताच नोंदणीचा अर्ज करा. क्रमांक येईपर्यंत नोकरीची घाई नको. दर पाच वर्षांनी नूतनीकरण असतं, ती तारीख घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. पहिली नोकरी निवडताना पगारासोबत एवढं विचारा, की रात्रीच्या पाळीला एका सिस्टरकडे किती रुग्ण असतात आणि सोबत अनुभवी कुणी असतं का. मी दोन हजार रुपये कमी घेऊन अनुभवी सिस्टर असलेला वॉर्ड घेतला.