गोष्ट लिहायला बसलेल्या पोरांसाठी

पोरांनो, गोष्टीची सुरुवात हवामानाने करू नका. मे महिन्यात रावेरला ऊन ४५ अंशांवर जातं, हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. त्यापेक्षा माणूस आणि त्याची नड पहिल्याच ओळीत आणा: बापूला केळीचे घड आजच विकायचे आहेत आणि व्यापाऱ्याची गाडी आलेली नाही. नड आणि अडचण समोरासमोर आली की गोष्ट चालू लागते.

आता बापू दाखवा. माझ्याकडे येणारी बहुतेक पोरं लिहितात, "तो खूप कष्टाळू होता." यातून डोळ्यांपुढे काहीच येत नाही. केळीचा चीक कपड्याला लागला की डाग काळा पडतो, कितीही घासा, जात नाही. मुलीच्या शाळेत गेलेला बापू तो डाग झाकायला हाताची घडी घालून उभा राहतो, एवढंच लिहा. कष्ट, लाज, माया, सगळं त्यात आलं. असा एकच तपशील पुरे; पाच दिलेत तर एकही लक्षात राहत नाही.

माणसं मनातलं सरळ बोलत नाहीत. बायको "पैसे आले का?" विचारत नाही, "चहा टाकू का?" म्हणते. आणि आपली बोली बिनधास्त वापरा. "माले काय माहीत" हेच बापूच्या तोंडी शोभतं.

शेवटी गाडी आली की नाही ते सांगा आणि थांबा. मग सगळं मोठ्याने वाचा. जीभ अडखळेल तिथे पेन्सिलने खूण करा, तेवढंच वाक्य पुन्हा लिहा.