डबा झाला की बाहेर पडा

जून लागला की माझ्या दारात नवे चेहरे उभे राहतात. कुणी लातूरचं, कुणी बीडचं, कुणी पार गडचिरोलीहून आलेलं. बरोबर आईवडील. आई विचारते, "ताई, भात रोज असतो ना?" वडील महिन्याचे पैसे विचारतात. पोर किंवा पोरगी गप्प उभी असते. पुण्यात मॉडेल कॉलनीत २००३ पासून मी मेस चालवते, त्यामुळे हे चेहरे मला पाठ आहेत. तीन वर्षांनी तीच मुलं पेढे घेऊन निरोप घ्यायला येतात, तेव्हा मी विचारते, "पाताळेश्वर बघितलंस का रे?" निम्म्यांनी नुसतं नाव ऐकलेलं असतं. आपल्या मेसपासून ते जुनं लेणं चालत अर्ध्या तासावर आहे. मला याचं फार वाईट वाटतं, म्हणून हे एकदा नीट लिहून काढलं.

आधी भाग समजून घ्या. विद्यापीठाच्या गेटपासून डेक्कनपर्यंत चालत तासभर लागतो. एवढ्याच पट्ट्यात विद्यापीठ, आयुका ही खगोलशास्त्राची संस्था, चतु:शृंगीचं देऊळ, फर्ग्युसन, भांडारकर संस्था, चित्रपट संग्रहालय, पाताळेश्वर आणि बालगंधर्व रंगमंदिर आहे. गाडी घ्यायची गरज नाही. चांगल्या चपला आणि पाण्याची बाटली पुरे.

वर्षाची सुरुवात पालखीनं करा. तारीख दर वर्षी बदलते, जून-जुलैत कधीतरी येते; माझ्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मी लाल गोल करून ठेवते. देहूहून तुकोबांची आणि आळंदीहून माउलींची, दोन्ही पालख्या एकाच दिवशी पुण्यात येतात आणि संचेतीच्या चौकाकडून फर्ग्युसन रस्त्यानं डेक्कनकडे जातात. या रस्त्यावर दोघांच्याही पादुकांची मंदिरं आहेत. रोज त्यांच्यावरून जाता, पण त्या दिवशी थांबा.

दुपारपासून रस्ता बंद होतो, हे ध्यानात ठेवा. पहिल्या वर्षी मला ते कळलं नव्हतं. चाळीस डबे रिक्षात भरून निघाले आणि वाटेतच अडकले. पोरं उपाशी राहिली, मी रडकुंडीला आले. तेव्हापासून त्या दिवशी सगळ्यांचं जेवण अकरालाच उरकते. तुम्हीही जेवून निघा. चौकात उभे राहू नका, तिथं रेटारेटी होते. फर्ग्युसनच्या गेटच्या पुढं, झाडाखालच्या फूटपाथवर जागा धरा. दुपारपासून दिंड्या येत राहतात, रथ मागून येतात, साधारण तुकोबांचा आधी आणि माउलींचा नंतर. पोरं रथ बघतात, फोटो काढतात आणि निघतात. असं करू नका. खरी वारी दिंड्यांत आहे. प्रत्येक दिंडीला नंबर असतो, माउलींच्या रथापुढं सत्तावीस दिंड्या चालतात आणि बाकीच्या रथामागं. एका दिंडीकडे नीट बघा: विणेकरी कुठं चालतो, टाळकऱ्यांच्या रांगा कशा पडतात, मृदंग वाजवणारा कुणाकडे बघतो, डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका कुठं असतात. एका दिंडीबरोबर शंभर पावलं चाला. कुणी हटकत नाही.

आणि काही द्यायचं असेल तर आधी विचारा. एक साल मी मोठ्या हौसेनं शिरा केला होता, पातेलंभर. सत्तरीची एक आजी आमच्या पायरीवर टेकली. डोक्यावरचं तुळशीवृंदावन उतरवून शेजारी ठेवलं. मी शिऱ्याची वाटी पुढं केली. ती म्हणाली, "माउली, सकाळपासून गोडच खातेय. भाकरीचा तुकडा आणि तिखट काही आहे का?" मी आत गेले, शिळी भाकरी, ठेचा आणि कांदा आणला. तिनं खाल्लं. मग गरम पाणी मागितलं, त्यात मूठभर मीठ टाकलं आणि पाय बुडवून बसली. टाचांच्या भेगांत डांबर बसलं होतं. नागपूरकडचा इंजिनिअरिंगचा एक मुलगा तिथंच जेवत होता. तो उठला, खोबरेल तेल घेऊन आला आणि कापसानं तिच्या टाचा पुसत बसला. त्यानंतर तो पुण्यात होता तोवर दर वर्षी पालखीला तेलाची बाटली घेऊन उभा राहिला. आता मी पिठलं-भाकरी करते. हात लावायला दोघं-तिघं आलात तर मला मदत होते.

पालख्या पुण्यात दोन रात्री मुक्काम करतात, तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या देवळात आणि माउलींची भवानी पेठेत पालखी विठोबाच्या देवळात. मधल्या दिवशी संध्याकाळी तिकडे जा. शाळांच्या वर्गांत, वाड्यांच्या अंगणांत वारकरी उतरलेले असतात आणि कीर्तनं चालू असतात. तिसऱ्या दिवशी पहाटे दोन्ही पालख्या निघतात.

पावसाळा जोरात असतानाच पुरुषोत्तम करंडक येतो. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा घेते. प्राथमिक फेरी सदाशिव पेठेतल्या भरत नाट्य मंदिरात होते आणि पन्नासच्या आसपास कॉलेजं उतरतात. मराठी रंगभूमीवरची कितीतरी माणसं याच स्टेजवरून पुढं गेली. नाटकात काम करत नसलात तरी जाच, कारण एका संध्याकाळी साधारण तीन एकांकिका बघायला मिळतात आणि तिकीट परवडतं. आपल्या कॉलेजचा दिवस सोडून दुसऱ्या कॉलेजच्या दिवशीही जा, तेव्हा शांतपणे नाटक दिसतं. आपल्या कॉलेजच्या दिवशी तर घसा बसतो. "अरे आवाऽज कुणाचा" सुरू झाला की अख्खं सभागृह हलतं. पडदा उघडायच्या आधी बाहेरच्या बोळात उभे राहा. टेम्पोतून लेव्हल म्हणजे नेपथ्याचे लाकडी चौथरे उतरवणारी, लाकडी ठोकळे रंगवलेले हात पॅन्टला पुसणारी, कोपऱ्यात डोळे मिटून वाक्यं म्हणणारी मुलं दिसतील. माझ्या मेसमधली औशाची एक मुलगी दोन वर्षं नुसती बॅकस्टेजला होती. अंधारात खुर्ची उचलायची, ठरलेल्या खुणेवर ठेवायची आणि परत यायचं, एवढंच तिचं काम. ती म्हणायची, "काकू, स्टेजवर पांढऱ्या चिकटपट्टीची खूण असते, माझा जीव तिच्यात असतो." त्या वर्षी मी पहिल्यांदा भरतला गेले आणि पूर्ण वेळ खुर्चीकडेच बघत राहिले. खुर्ची बरोबर जागेवर पडली.

गणपतीबद्दल सगळेच सांगतात. मी एवढंच म्हणेन की विसर्जनाला रात्रीऐवजी सकाळी मंडईपाशी जा. कसबा गणपती निघतो तेव्हा ढोल-ताशा जवळून ऐकता येतो आणि जीवही गुदमरत नाही.

नवरात्रात सेनापती बापट रस्त्यावर चतु:शृंगीची जत्रा भरते. दुर्लभशेठ नावाच्या सावकाराला वणीची सप्तशृंगी देवी इथं भेटली, अशी कथा सांगतात: म्हातारपणी वणीला जाणं होईना, म्हणून देवीच त्याच्यासाठी पुण्याला आली. मुलींनो, पहाटे पाचला या. पायऱ्यांवर गर्दी कमी असते, वर गार वारा असतो आणि उजाडताना शहर दिसतं. जत्रेतले पाळणे आणि खेळण्यांची दुकानं बघायची तर संध्याकाळी पुन्हा या. गळ्यात काही घालून येऊ नका, पाकीट पुढच्या खिशात ठेवा.

दिवाळीला तुम्ही घरी जाता. परत आलात की त्रिपुरी पौर्णिमेला संध्याकाळी जंगली महाराज रस्त्यावर पाताळेश्वरला या. हे राष्ट्रकूटांच्या काळातलं, आठव्या शतकातलं लेणं आहे. वरून खाली, एका खडकात कोरलेलं. अंगणात नंदीचा गोल मंडप आहे, छत्रीसारखा. रस्त्यावर हॉर्न वाजत असतात आणि चार पायऱ्या उतरलं की आवाज मागं राहतो. आतले खांब जाड, साधे, काही ठिकाणी काम अर्धवट सोडलेलं दिसतं. त्या अर्धवट दगडावर हात ठेवून छिन्नीच्या रेघा बघा. त्रिपुरीला तिथं पणत्या लागतात. एक पणती घरून न्या.

डिसेंबरात दोन गोष्टी अंगावर येतात. फर्ग्युसनच्या मैदानावर २०२३ पासून पुणे पुस्तक महोत्सव भरतो. पहिल्या दिवशी नुसतं फिरा, यादी करा. पैसे दुसऱ्या फेरीत खर्च करा. आणि सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव. गुरू सवाई गंधर्वांच्या आठवणीत भीमसेन जोशींनी १९५३ मध्ये तो सुरू केला. आता मुकुंदनगरला होतो, म्हणजे आपल्यापासून लांब, पण बसनं जाता येतं. खुर्चीचं तिकीट महाग असतं, तुम्ही भारतीय बैठकीचं घ्या. शाल, पातळ चटई आणि कोरडा खाऊ न्या. शास्त्रीय गाणं कधी ऐकलं नसेल तरी चालतं. मीही ऐकलं नव्हतं. मेसच्या मुलांनी मला ओढून नेलं. पहिला अर्धा तास काही हाती लागलं नाही, उठावंसं वाटलं. शेजारच्या बाई म्हणाल्या, "तबल्याच्या समेकडे लक्ष द्या, बाकी सोडा." सम म्हणजे तालाची पहिली मात्रा; ताल एक फेरी, म्हणजे आवर्तन, पुरी करून तिथं परत येतो. मी बोटानं मांडीवर मोजत बसले. तिसऱ्या-चौथ्या आवर्तनाला सम कुठं येणार ते मला आधी कळलं, आणि सगळ्या मांडवाची मान माझ्याबरोबर हलली. विलंबित, म्हणजे संथ लयीतलं गाणं, चालू असताना चहाला उठू नका, एवढं माझं ऐका.

जानेवारीत पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव असतो. पास विद्यार्थ्यांना परवडतो आणि रांगेत अर्धा तास आधी उभं राहावं लागतं. सिनेमाचं वेड लागलं तर लॉ कॉलेज रस्त्यावर वर्षभर सोय आहे. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून तिथं आहे, आणि त्याच रस्त्यावर फिल्म इन्स्टिट्यूट, जुन्या प्रभात स्टुडिओच्या जागेत. संग्रहालयाच्या थिएटरात जुने आणि परदेशी सिनेमे दाखवतात.

२८ फेब्रुवारी हा विज्ञान दिन. त्या दिवशी विद्यापीठाच्या आवारातली आयुका सगळ्यांसाठी दार उघडते. त्या वर्षीच्या वेळा आधी बघून घ्या. जयंत नारळीकरांनी १९८८ मध्ये ही संस्था उभी केली, इमारती चार्ल्स कोरिया यांच्या. मधल्या कुंडात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत. तिथं शास्त्रज्ञ पोरांच्या प्रश्नांना उभ्या उभ्या उत्तरं देतात. मी माझ्या भाचीला नेलं होतं, ती आठवीत होती. तिनं विचारलं, "तारा विझतो तर त्याचा उजेड का दिसतो?" समोरच्या गृहस्थांनी तिच्याशी दहा मिनिटं बोलून, कागदावर चित्र काढून दिलं. तो कागद अजून तिच्या कपाटात आहे. शाळकरी भावंडं असतील त्यांना सांगा, दुसऱ्या शनिवारी त्यांच्यासाठी आयुकात व्याख्यानं असतात.

आयुकाला गेलात की विद्यापीठाची मुख्य इमारत बघा. ४११ एकरांचं आवार आहे, ओळखपत्र जवळ ठेवा. ही इमारत १८६४ ते १८७१ या काळात मुंबईच्या गव्हर्नरसाठी बांधली. विद्यापीठ आलं १९४९ मध्ये. २२ जून १८९७ रोजी व्हिक्टोरिया राणीच्या राज्याचा हीरक महोत्सव इथं साजरा झाला आणि परतताना गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँडला गोळ्या घातल्या. प्लेगच्या काळातल्या जुलमाचा तो राग होता. रोज बसमध्ये लटकून ज्या रस्त्यानं जाता, तो हाच. आवारातल्या ललित कला केंद्रात मुलं नाटकं आणि गाण्याच्या मैफली करतात. तिथला फलक वाचत जा.

भांडारकर संस्थेत बहुतेक पोरं जायला घाबरतात. संस्कृत शिकणाऱ्या एका मुलीनं मला नेलं. १९१७ ची संस्था. महाभारताची बाराशेंवर हस्तलिखितं ताडून, एकेक श्लोक पारखून चिकित्सक आवृत्ती इथंच तयार झाली. काम १९१९ मध्ये सुरू झालं आणि १९६६ मध्ये संपलं. सत्तेचाळीस वर्षं! मी त्या मुलीला विचारलं, "सुरू करणाऱ्यांनी पूर्ण झालेलं बघितलं का?" ती म्हणाली, "काकू, पहिले मुख्य संपादक सुकथनकर १९४३ मध्येच गेले." मी त्या दिवशी घरी येऊन बराच वेळ काही केलं नाही. तुम्ही गेटवर सांगा, "संस्था बघायची आहे." नीट सांगितलं की माणसं नीट वागतात.

एप्रिल-मे म्हणजे परीक्षा, हे मला माहीत आहे. तरी संध्याकाळी मोकळीक मिळाली तर वसंत व्याख्यानमालेला जा, टिळक स्मारक मंदिरात. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केली. डोक्याला वेगळा विषय मिळतो आणि रात्री अभ्यासही बरा होतो, असं माझ्याकडच्या मुलांचं म्हणणं आहे.

आता मेसचा नियम. एरवी साडेनऊला ओटा पुसते. पुरुषोत्तम, सवाई, सिनेमा किंवा व्याख्यान यासाठी उशीर होणार असेल तर सकाळी दाराजवळच्या फळ्यावर नाव आणि कुठं जाताय ते लिहा. ताट झाकून जाळीच्या कपाटात ठेवते, मागचं दार साडेअकरापर्यंत उघडं असतं. पोळ्या तव्यावर गरम करून घ्या आणि गॅस बंद केल्याची खात्री करा.