जिगला पावडर पेंट करताना नेढे, दांडी आणि स्विव्हल कसे वाचवावे

घरी ओतलेल्या शिशाच्या जिगला (शिशाचं डोकं असलेला मासेमारीचा गळ) पावडर पेंट दिला की रंग टणक आणि चकचकीत बसतो. पण तोच रंग गळाच्या नेढ्यात भरतो, स्विव्हल (गोल फिरणारी कडी) जाम करतो आणि दांडीवर थर चढवून रबरी आमिष नीट सरकू देत नाही. बहुतेक जण लगेच टेप शोधायला लागतात. त्याआधी एक गोष्ट लक्षात घ्यावी: पावडर तापलेल्या धातूलाच चिकटते. जो भाग थंड राहील, त्यावरची पावडर नुसत्या टिचकीने झडते.

आधी काय काढून ठेवायचं

स्प्लिट रिंग, ब्लेड, मणी, स्कर्ट (रबरी झालर) आणि नायलॉनचा वीड गार्ड (गळ पाणगवतात अडकू नये म्हणून लावलेले केस) रंग पक्का झाल्यावरच बसवा. नायलॉन तर रंग पक्का करायच्या भट्टीत टिकणारच नाही. वीड गार्डच्या भोकात रंग जाऊ नये म्हणून टेफ्लॉनची पिन घालून ठेवा. मग उरतं ते शिशात ओतलेलं: नेढे, दांडी, स्पिनरबेटची (फिरत्या पात्याच्या आमिषाची) तार, क्वचित स्विव्हल.

सामान

पुण्याच्या बोहरी आळीत मिळणारी नळाची पांढरी टेफ्लॉन टेप पुरते. गोंद नसल्याने ती डाग ठेवत नाही. स्विव्हलसाठी उष्णता सोसणारी कॅप्टॉन टेप तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत विचारा. सर्जिकल दुकानातून बारीक टोकाचा आर्टरी फोर्सेप (घट्ट धरून ठेवणारा चिमटा) घ्या. कागदी मास्किंग टेप आणि काळी इलेक्ट्रिकल टेप टाळा. पहिलीचा गोंद भाजून चिकटून बसतो, दुसरी वितळते. नळी वापरायची तर सिलिकॉनची घ्या, कारण फिशटँकच्या दुकानातली स्वस्त पारदर्शक नळी बहुधा पीव्हीसीची असते.

कृती

१. शिसं ॲसिटोनने पुसा, मग बोटं लावू नका. सिलिकॉन स्प्रे किंवा ग्रीस आसपास नको. त्याचा अंश लागला की रंगात खड्डे पडतात. नेढ्याला व्हॅसलिन लावण्याचा सल्लाही सोडून द्या. पावडर त्यातच रुतते.

२. दांडीवर आणि तिच्यावरच्या आमिष धरणाऱ्या काट्यावर टेफ्लॉन टेप ताणून दोन-तीन वेढे द्या. टेप शिशाला टेकावी, त्यावर चढू नये. सुटं टोक शिशापासून लांबच्या बाजूला संपवा, नाहीतर ते रंगात अडकतं. स्विव्हल असेल तर कॅप्टॉनमध्ये पूर्ण गुंडाळा. त्याच्या आतल्या फटीत एकदा रंग वितळला की ते पुन्हा मोकळं फिरत नाही.

३. नेढे फोर्सेपच्या जबड्यात पूर्ण झाकलं जाईल असं धरा. इथे जबडा झाकण्याचं काम करतोच, शिवाय पोलाद उष्णता खेचून नेढे थंड ठेवतं. म्हणून फोर्सेप आधी तापवू नका.

४. हीट गनची हवा फक्त शिशावर, फिरवत. बारीक तार शिशापेक्षा फार लवकर तापते, आणि गनच्या तोंडाशी ५०० अंशांच्या आसपास तापमान असू शकतं. गळाचं पोलाद निळसर झालं तर त्याचा टेम्पर (कडकपणा) गेला. तो गळ मोठ्या मरळीने सरळ केलाच म्हणून समजा. टेफ्लॉनही जास्त तापली की विषारी धूर सोडते. घरात लव्हबर्ड्स असतील तर हे काम बाल्कनीतच करा, कारण पक्ष्यांना तो धूर प्राणघातक ठरतो.

५. पावडर मोकळी करून त्यात एक-दोन सेकंद बुडवा, टिचकी मारा. रंग साखरेसारखा खरखरीत दिसला तर शिसं कमी तापलं आहे, पुन्हा हलकी हवा द्या. धूर आला तर जास्त तापलं आहे. पावसाळ्यात पावडर गोळे धरते, डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा.

६. टेप सोडवण्याची वेळ हीच: रंग वितळून गुळगुळीत झालाय, जिग अजून कोमट आहे. पूर्ण गार झाल्यावर ओढली तर कच्च्या रंगाची कड तुकड्याने उडते. नेढ्यात सुई घालून पाहा, पडदा धरला असेल तर आत्ताच फोडा.

७. आता ओटीजीत, गळाच्या वाकावर टांगून, साधारण १७५ अंश सेल्सिअसला १५ ते २० मिनिटं. डब्यावर वेगळं तापमान लिहिलं असेल तर ते पाळा. डोकं खाली लोंबत असल्यामुळे जाड थराचा थेंब नेमका नेढ्याकडे ओघळतो; पातळ थर हाच त्यावर इलाज. हा ओटीजी पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका, आणि शिसं हाताळल्यावर साबणाने हात धुवा.

शिसं ३२७ अंशांना वितळतं, त्यामुळे भट्टीत धोका नाही. शिशाऐवजी बिस्मथ-कथिलाचं मिश्रण ओतलं असेल तर मात्र थांबा. ५८:४२ प्रमाणातलं मिश्रण १३८ अंशांनाच पाणी होतं.

इतकं करूनही नेढे पक्क्या रंगाने बुजलं, तर ठोकू नका. १ मिमीचा ड्रिल बिट हाताच्या पिन व्हाइसमध्ये (बारीक बिट धरायच्या मुठीत) धरून सावकाश फिरवा आणि दोन्ही बाजूंची कड बारीक पॉलिश पेपरने मोडा, नाहीतर ती लाइन घासत राहते.