सर्व्हरवरचा मोठा लॉग बघताना या चुका टाळा

लॉग, म्हणजे प्रोग्रॅम आपल्या नोंदी लिहितो ती फाइल, बघायचा म्हणजे ती एडिटरमध्ये उघडायची, ही लॅपटॉपवरची सवय. तिथे ती खपून जाते. प्रॉडक्शनच्या मशीनवर मात्र त्याच रॅमवर आणि त्याच डिस्कवर गिऱ्हाइकांचं काम चालू असतं. हे कितीदा सांगितलं तरी नव्या भरतीतलं कुणीतरी पहिल्याच आठवड्यात व्हिम हा एडिटर उघडून बसतंच.

व्हिम फाइल दाखवण्याआधी ती शेवटपर्यंत वाचतो. मेमरी खातोच, वर त्याच फोल्डरमध्ये लपलेली स्वॅप फाइल (कामाची तात्पुरती प्रत) तयार करतो. म्हणजे डिस्क भरत आलीय म्हणून लॉग बघायला गेलात तर उरलीसुरली जागाही संपणार. 'मी रीड-ओन्ली उघडला होता' हा बचाव चालत नाही. त्याने चुकून सेव्ह होणं टळतं, वाचन कमी होत नाही. नॅनो या एडिटरचीही तीच गत.

एका ठिकाणी 8 जीबी रॅमच्या एकाच मशीनवर ॲप आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस दोन्ही नांदत होते. रात्री पेमेंट अडकत असल्याची तक्रार आली. ड्युटीवरच्या पोराने 6 जीबीचा लॉग व्हिमने उघडला. मिनिटभर स्क्रीन काळी. पठ्ठ्याने दुसरं टर्मिनल उघडून तीच फाइल परत व्हिमने उघडली. स्वॅप फाइल सापडल्याची ताकीद आली, ती न वाचता 'तरीही उघड'चं बटण दाबलं. मेमरी संपल्यावर लिनक्सचा ओओएम किलर जागा झाला. तो साधारणपणे सगळ्यात जास्त मेमरी खाणारी प्रोसेस उडवतो, दोषी कोण ते बघत नाही. सगळ्यात जाड होता मायएसक्यूएल. काही पेमेंट अडकत होती, आता आख्खी साइट झोपली. मी फोनवर विचारलं, काय चालवलंस? "काही नाही दादा, फक्त लॉग उघडलाय." डीमेसेजमध्ये, म्हणजे लिनक्स कर्नलच्या नोंदींत, 'किल्ड प्रोसेस' आणि पुढे मायएसक्यूएलडीचं (मायएसक्यूएलच्या प्रोसेसचं) नाव, स्वच्छ लिहिलेलं.

माझा हात आधी फाइलचा आकार दाखवणाऱ्या 'एलएस -एलएच'वर जातो. आकडा जीबीत दिसला की शेवटच्या 200 ओळींसाठी 'टेल -एन 200', आणि मागेपुढे फिरायचं असेल तर फाइल पानापानाने दाखवणारा लेस. लेस लागेल तेवढाच तुकडा वाचतो, म्हणून 20 जीबीची फाइलही लगेच उघडते. कॅपिटल जी दाबून शेवटी जा, प्रश्नचिन्ह टाइप करून उलटं शोधा. मध्येच तो ओळी मोजत बसला तर कंट्रोल-सी मारा, किंवा उघडतानाच '-एन' द्या, छोट्या लिपीतला. जेसनच्या लांबच लांब ओळी गुंडाळून येत असतील तर कॅपिटल '-एस'. आणि कृपा करून फाइल ओतणाऱ्या 'कॅट'मधून पाइप करून (तिचं आउटपुट थेट जोडून) लेसला देऊ नका. पाइपमधून आलेलं सगळं लेसला मेमरीत सांभाळावं लागतं, म्हणजे त्याचा मुख्य फायदाच गेला.

त्याहूनही आधी, तक्रार करणाऱ्याला वेळ विचारा. हे कुणी करत नाही, सगळ्यांना थेट कमांड मारायची घाई. बहुतेक सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतं, त्यामुळे आपल्याकडे रात्री 9:10ला झालेला घोळ लॉगमध्ये 15:40ला असतो. लोक 21:10 शोधतात आणि 'लॉगमध्ये काहीच नाही' म्हणून कळवतात. वेळ हातात असली की ग्रेप या शोधायच्या कमांडला '-एम 50' लावा, म्हणजे पन्नास ओळी सापडल्यावर तो थांबतो. नुसता 'एरर' शब्द शोधून लाखभर ओळी स्क्रीनवर सोडण्याला शोधणं म्हणत नाहीत.

दुसरा माझा ठेवणीतला राग फाइल पुसणाऱ्या 'आरएम'वर. डिस्क भरली, लॉग मोठा दिसला, उडवला. फाइलींचे आकार मोजणारं 'डीयू' म्हणतं जागा झाली, आख्खी डिस्क मोजणारं 'डीएफ' म्हणतं भरलेलीच आहे. कारण ॲपने ती फाइल अजून उघडी धरलेली असते. नाव गेलं तरी ती बंद होईपर्यंत जागा सुटत नाही. मग कुणीतरी वैतागून मशीनच रीबूट करतं. 'एलएसओएफ +एल1' चालवा, नाव पुसलेल्या पण उघड्या फाइली दिसतील. त्या प्रोसेसची सर्व्हिस रीस्टार्ट केली की जागा मोकळी. लॉग खरंच नको असेल तर पुसू नका, 'ट्रंकेट -एस 0'ने रिकामा करा. त्याआधी शेवटचा तुकडा दुसरीकडे काढून ठेवा, सकाळी कुणीतरी मागतंच.

बाकीच्या चुका थोडक्यात.

'टेल'ला छोटा '-एफ' लावून रात्रभर नजर ठेवू नका. जुने लॉग बाजूला काढणाऱ्या लॉगरोटेटने फाइलचं नाव बदललं की तो जुन्याच फाइलला चिकटून राहतो आणि तुम्हाला वाटतं सगळं शांत आहे. कॅपिटल '-एफ' नावाचा माग ठेवतो.

जीझेड (दाबून लहान केलेली) फाइल सर्व्हरवर उलगडू नका, झेडलेस आणि झेडग्रेप त्यासाठीच आहेत.

लॉगची कॉपी टेम्प फोल्डरमध्ये टाकू नका. फेडोरा आणि डेबियन 13 या लिनक्सांवर ते मुळात रॅममध्येच असतं.

बायनरी फाइलवर कॅट मारून टर्मिनलवर चित्रविचित्र अक्षरं आली तर खिडकी बंद करायची गरज नाही. 'रीसेट' टाइप करून एंटर मारा. टाइप केलेलं स्क्रीनवर उमटलं नाही तरी चालतं.