बंद खदानीवर परत उगवलेलं हिरवं मोजायचं काम : या लाइनमधे येणाऱ्यांसाठी थोडं

बीएस्सी बॉटनी झालं की धुळ्या-जळगावकडे घरचे दोनच गोष्टी विचारतात, बीएड करतो का एमपीएससीचा क्लास लावतो. मी एन्व्हायर्नमेंटल सायन्समधे एमएस्सी केलं आणि आता बंद झालेल्या दगडखाणी, मुरमाच्या खदानी यांच्यावर झाडोरा परत येतोय का ते मोजतो. बरीच पोरं-पोरी या कामाबद्दल विचारतात म्हणून लिहितोय.

आधी एक, कोळसा खाणींवरचं वाचून इथं येऊ नका. खान्देशात बेसाल्ट आहे, क्रशरचा काळा दगड आणि रस्त्याच्या भरावाचा मुरूम, त्यामुळे पुस्तकातला, कोळसा खाणीतून निघणाऱ्या आम्लधर्मी पाण्याचा धडा इथं फारसा लागत नाही. इथं माती उरलेलीच नसते. खोदायच्या आधी वरचा थर बाजूला रचून ठेवला नसेल तर खाली नुसता मुरूम, त्यात नायट्रोजन नावापुरता, पाणी थांबत नाही, आणि मे मधे पारा ४५ च्या वर.

काम तसं सरळ आहे. गवत-रोपट्यांना १ बाय १ मीटरचा क्वाड्रॅट, म्हणजे मोजणीसाठी आखलेला चौकोन, झुडपांना ५ बाय ५, झाडांना १० बाय १०, आणि दर वेळी त्याच जागी. कोपऱ्याला लोखंडी सळई ठोकू नका, भंगारात जाते, मोठ्या दगडाला ऑइल पेंट लावा. मोबाइलचा जीपीएस काही मीटर इकडेतिकडे दाखवतो म्हणून मागे टेकडी किंवा विजेचा टॉवर येईल असा फोटो ठरलेल्या जागेवरून काढत जा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. लावलेली किती जगली आणि आपोआप किती आली, हे दोन कॉलम कधीच एकत्र करू नका. टँकरने पाणी घालून निंब-करंज जगवता येतात, पण जमीन सावरतेय का ते आपोआप आलेल्या रोपांवरूनच कळतं. सुरुवातीला रुई, तरवड, गाजरगवत, वेडी बाभूळ येणारच. त्यांच्यात कुसळी गवत, हिवर, पळस, बोर दिसायला लागले की मला खरंच बरं वाटतं. सातपुड्याच्या पायथ्याला अंजनाचं रोप सापडलं तर नीट बघा, त्याची दोन पानं सुटी असतात, आपट्याची मधे जोडलेली असतात, नवीन माणूस इथं हमखास गोंधळतो. अंजन आधी मूळ खोल घालतो, वर हळूच वाढतो, म्हणून नुसती उंची लिहू नका, बुंध्याची जाडीपण घ्या.

सॅटेलाइट शिका, क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट आहे, सेंटिनेल-२ या युरोपच्या सॅटेलाइटचा डेटापण फुकट. पण त्याचा एक पिक्सेल १० मीटरचा, म्हणजे अर्ध्या हेक्टरच्या खदानीत जेमतेम ५० पिक्सेल, त्यातले कडेचे शेजारच्या कपाशीत मिसळलेले आणि मधे पाणी साचलेलं. शिवाय एनडीव्हीआयला, म्हणजे सॅटेलाइटच्या फोटोवरून हिरवेपणा मोजणाऱ्या आकड्याला, गाजरगवतपण हिरवं आणि कुसळीपण हिरवंच. पायी गेल्याशिवाय पर्याय नाही.

नोकरीचं बोलायचं तर जास्त काम कन्सल्टन्सीत मिळतं. २००६ च्या ईआयए (पर्यावरणावरच्या परिणामांचा अभ्यास) अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण मंजुरी घेतलेल्या प्रकल्पाला दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला, अहवाल द्यावा लागतो. आणि ८ जानेवारी २०२० ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की खाणकाम संपल्यावर त्या जमिनीवर परत गवत उगवून ती चारा, झाडं-झुडपं, प्राणी यांच्या लायक करायची अट घातली पाहिजे. म्हणजे आपल्या आकड्यांना वजन आहे. फक्त आपल्याकडे डिसेंबरच्या अहवालाचा फोटो हिरवागार आणि जूनच्या अहवालाचा उजाड येतो, कारण सालईसारखी पानगळीची झाडं उन्हाळ्यात उघडी असतात, म्हणून तुलना मेची मेशी आणि ऑक्टोबरची ऑक्टोबरशीच करायची, कोणी कितीही घाई केली तरी.

मेंढ्या घेऊन फिरणारे ठेलारी भेटले तर बसा त्यांच्याजवळ. कुठलं गवत कधी आलं, कुठं आग लागली, कुठं चराई जास्त झाली, हे आपल्या शीटमधे कधीच सापडत नाही. आप्पा, नाना म्हणून आदराने विचारलं की सगळं सांगतात.

सुरुवात करायची असेल तर गावाजवळची एक जुनी खदान निवडा, ज्याची जमीन आहे त्याला किंवा ग्रामपंचायतीला विचारून घ्या, आणि पाऊस उघडल्यावर ऑक्टोबरमधे पहिली मोजणी करा. पावसात उभ्या कड्याखाली थांबू नका, मुरूम ढासळतो, आणि साचलेल्या पाण्यात तर अजिबात उतरू नका, खोली वरून कळत नाही. कोणाला तरी सोबत घेऊनच जा.