ठासणीच्या बंदुकीत अडकलेला बार गॅसने काढताय? या चुका टाळा

भात पोटरीला आलं की मुळशी-भोरकडे रानडुकरांना हुसकावायला परवान्याच्या ठासणीच्या बंदुका भिंतीवरून खाली उतरतात. मग पुण्यात माझा फोन वाजू लागतो. "दादा, केप फुटते, पण बार जात नाही." केप म्हणजे घोडा आपटला की ठिणगी देणारी टोपी, बार म्हणजे नळीत तोंडातून ठासलेली दारू, चिंधी आणि गोळी. हल्ली त्याला जोडून दुसरा प्रश्न येतो, "ऑनलाइन गॅसचं यंत्र मिळतं, कुठलं घेऊ?"

घेण्याआधी ते काय करतं एवढं समजून घ्या. मुठीत कार्बन डायऑक्साइडची छोटी कुपी बसते, पुढचा अडॅप्टर निपलवर, म्हणजे केप बसते त्या पोकळ बोंडावर, घट्ट लागतो. कळ दाबली की गॅस निपलमधून बारामागे शिरतो आणि दारू, चिंधी, गोळी नळीच्या तोंडातून बाहेर फेकतो. आग कुठेच लागत नाही, म्हणून ही पद्धत चांगली.

पण हे यंत्र नळी साफ करत नाही. सर्वात जास्त पैसे याच गैरसमजात वाया जातात. काळ्या दारूत साधारण ७५ टक्के सोरा, १५ टक्के कोळसा आणि १० टक्के गंधक असतो. ती जळाली तरी निम्म्याहून जास्त वजन घन रूपात नळीतच राहतं. हे कीट हवेतला ओलावा ओढतं, वाळलं की दगडासारखं बसतं आणि खालचं लोखंड खातं. गॅस त्याच्यावरून नुसता निघून जातो. कीट विरघळतं ते गरम पाण्यात. निपलचं भोकच कीटाने बुजलं असेल, तर गॅस आत शिरणारच नाही आणि तुम्ही कुपीमागून कुपी फोडत राहाल.

बार खरंच आहे का, हे आधी बघा. गज (बार ठासायची सळई) नळीत सोडा, तोंडाशी खूण करा, मग तोच गज बाहेरून नळीला लावून निपलपर्यंतचं अंतर ताडून पाहा. गज बोटभर जरी अलीकडे थांबला, तरी आत काहीतरी आहे असंच धरा. केप फुटून बार गेला नसेल, तर नळी मोकळ्या दिशेला धरून किमान दोन मिनिटं थांबा. दारू उशिरानेही पेटते. मग फुटकी केप काढा, घोडा पहिल्या खाचेवर, म्हणजे अर्धा चढवून, ठेवा, निपलमधून थेंब थेंब पाणी सोडून दारू भिजवा आणि भोक पितळी तारेने मोकळं करा. गॅसची पाळी त्यानंतर.

निवड चुकते ती बहुधा आट्यांवर. १६ ग्रॅमच्या कुप्या सायकलच्या दुकानात मिळतात, त्यांच्या मानेला बहुधा आटे असतात. एअरगनच्या १२ ग्रॅमच्या कुप्या बहुतेक बिनआट्याच्या. एकीची मूठ दुसरीला चालत नाही. चकमकीच्या बंदुकीला निपलच नसतं, तिच्या रंजकाच्या भोकावर (जिथून ठिणगी आत जाते) दाबून बसणारा वेगळा अडॅप्टर लागतो. अडॅप्टर निपलच्या जागी फिरवून बसवायचा असेल, तर हाताने घडवलेल्या जुन्या बंदुकांचे आटे कुठल्याच ठरलेल्या मापाचे असतील असं नाही. आटे-गेज लावून मोजा, नाहीतर भोसरीत एखाद्या लेथवाल्याला दाखवा. "जवळपास बसतं" असं म्हणून दाबून फिरवलेला अडॅप्टर निपलची बैठक कायमची बिघडवतो.

पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर चालेल का? हिशोब करून पाहा. ५० कॅलिबरची नळी १२.७ मिलिमीटरची, म्हणजे गोळीमागे जेमतेम १.२७ चौरस सेंटिमीटर जागा. चौरस सेंटिमीटरला ८ किलो दाबाच्या हवेने गोळीवर १० किलोचा रेटा येतो. कार्बन डायऑक्साइडच्या कुपीत २० अंशांना ५८ किलोच्या आसपास दाब असतो. नळीत पसरताना तो उतरतो, तरी फरक मोठा आहे. शिवाय कॉम्प्रेसरच्या हवेबरोबर पाणी येतं.

एक चूक मात्र जिवावर बेतेल. केकच्या सामानाच्या दुकानात क्रीम फेटायच्या कुप्या मिळतात, दिसायला तशाच. त्यांत नायट्रस ऑक्साइड असतो. तो सोऱ्यासारखाच जळायला मदत करतो. दारूजवळ तो नको, ऑक्सिजन तर नकोच नको.

कुप्या गाडीत ठेवू नका. ३१ अंशांच्या वर कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात राहू शकत नाही, आणि भरलेल्या कुपीतला दाब झपाट्याने चढतो. पुण्यातल्या एप्रिलच्या दुपारी बंद गाडी किती तापते हे सांगायला नको.

गंजून चिकटलेल्या गोळीला मी गॅस लावतच नाही. दाबलेला वायू शक्ती साठवतो. गोळी सुटते ती एकदम, आणि तिचा मार लागतो. तिथे गॅरेजची ग्रीसगन बरी. दारू पूर्ण भिजवून निपल काढायचं, त्याच आट्यांत ग्रीस-निपल बसवायचं आणि सावकाश पंप मारायचा. ग्रीस वायूसारखं दाबून आकसत नाही, त्यामुळे गोळी इंचाइंचाने सरकते. मागून साफसफाई खूप करावी लागते, पण चालेल. तेल मुरवूनही ती हलली नाही, तर परवानाधारक बंदूक-कारागिराकडे न्या. आत बार असताना नळी तापवू नका, तिला ड्रिल लावू नका.

गॅस सोडताना नळीचं तोंड वाळूच्या पोत्यात, समोर कोणी नाही, जवळ उदबत्तीसुद्धा नाही. कुपी बर्फासारखी गार पडते, हातमोजा घाला. त्याच गारव्याने नळीत दव धरतं. गरम पाण्याने धुऊन, पुसून, तेलाचा हात लगेच फिरवा. आणि गज पुन्हा सोडून खूण ताडून पाहा, कारण कधी कधी घाईत एकावर एक दोन बार भरलेले असतात.