ब्लू-रे की एचडी डीव्हीडी: कोण पुढे होतं ते आकड्यांवरून ओळखायचं कसं

ब्लू-रे आणि एचडी डीव्हीडी हे जास्त स्पष्ट चित्र देणाऱ्या पिक्चरच्या डिस्कचे दोन फॉरमॅट, आणि दोघांची बाजारात टक्कर होती. २००७ सालची त्याबद्दलची कुठलीही बातमी काढा, एचडी डीव्हीडीवाले म्हणतायत आम्ही पुढे आणि ब्लू-रेवाले म्हणतायत आम्ही, आणि गंमत म्हणजे दोघांचेही आकडे आपापल्या जागी खरे असायचे. त्यामुळे असा दावा वाचला की पहिलं हे बघायचं की मोजलंय काय, प्लेयर का डिस्क.

प्लेयर मोजले असतील तर कुठले धरलेत ते बघा. एचडी डीव्हीडीमागची मुख्य कंपनी तोशिबा सुटे प्लेयर मोजायची, त्यात ती पुढे, कारण तिचा माल स्वस्त होता, एप्रिल २००६ ला अमेरिकेत तिचा पहिला प्लेयर ४९९ डॉलरला आला आणि जूनमध्ये सॅमसंगचा पहिला ब्लू-रे प्लेयर आला तो थेट ९९९ ला! पण नोव्हेंबरमध्ये गेम खेळायचा सोनीचा प्लेस्टेशन ३ आला, त्याच्या पोटातच ब्लू-रे ड्राइव्ह, तो धरला की सगळं गणित फिरतं. आता तो धरायचा का? एचडी डीव्हीडीवाले म्हणायचे लोक त्यावर गेम खेळतात हो, पिक्चर कोण बघतंय, आणि त्यात तथ्य होतं, एका प्लेयरमागे किती डिस्क खपल्या असा हिशेब केला की तेच वरचढ ठरायचे. माझ्या मते मात्र हा हिशेब बाजूला ठेवा, पिक्चर काढणाऱ्या स्टुडिओला सरासरीशी काय घेणंदेणं, एकूण डिस्क किती गेल्या तेच तो बघणार, आणि तिथे २००७ मध्ये अमेरिकेत ब्लू-रे साधारण दुप्पट होतं.

दुसरं, माल दुकानात पाठवला का गिऱ्हाइकाने विकत घेतला, हे नीट वाचा, कंपन्या बऱ्याचदा पहिला आकडा सांगतात. आणि एका आठवड्याच्या आकड्यावर नाचू नका, त्या आठवड्यात एकावर एक फ्री असेल किंवा मोठा पिक्चर आला असेल तर आकडा फुगणारच. नोव्हेंबर २००७ मध्ये वॉलमार्टने तोशिबाचा प्लेयर शंभर डॉलरच्या आत काढला, लोकांची झुंबड उडाली, पण त्याने निकाल काही बदलला नाही.

निकाल बघायचा असेल तर स्टुडिओ आणि दुकानं कुठे सरकतायत त्यावर डोळा ठेवा. ऑगस्ट २००७ ला पॅरामाउंट एचडी डीव्हीडीकडे गेलं तेव्हा वाटलं आता चुरस वाढणार, पण वॉर्नर दोन्ही फॉरमॅटमध्ये डिस्क काढत होतं म्हणजे कोण किती खपतंय हे त्यांना घरबसल्या दिसत होतं, आणि त्यांनी ४ जानेवारी २००८ ला सांगून टाकलं की इथून पुढे फक्त ब्लू-रे. फेब्रुवारीत नेटफ्लिक्स (तेव्हा ते डिस्क भाड्याने द्यायचं) आणि बेस्ट बाय, वॉलमार्ट ही दुकानं एकामागोमाग एक त्याच बाजूला गेले आणि १९ तारखेला तोशिबाने एचडी डीव्हीडीचा गाशा गुंडाळला.